बिब्बेमामांचा राहिलेला वळसा

बोटीवरच्या डॉक्टरने बिब्बेमामांना फसवले. मामा अडाणी होते म्हणून फसले, असे कोणी समजू नये. सौदा मी ठरवला होता आणि मी अडाणी नव्हतो. डॉक्टरने हातात हात दिला, आपले काम करून घेतले आणि दिलेला शब्द आठवडाभरात मोडला. हे आधीच सांगून टाकतो. मामांच्या गोष्टी एकदा सुरू झाल्या की माझा राग निवत जातो, आणि तो निवू द्यायची माझी इच्छा नाही.

मामांना माणसांची नावे लक्षात राहत नसत, खुणा राहत. परटाचा पिढीजात धंदा. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकावर आलेल्या काळ्या रसाने कपड्याच्या आतल्या बाजूला खूण काढायची आणि वर चुना लावायचा. मग कपड्याची चिंधी होईल, पण खूण जाणार नाही. सोलापुरात गिरणीच्या साहेबांपासून सात रस्त्याकडच्या वकिलांपर्यंत पुष्कळ घरांचे धुणे मामांकडे येई, आणि प्रत्येक घराची खूण वेगळी. रस्त्यात एखादा वकील भेटला, की मामा अदबीने बाजूला होत आणि मला हळूच विचारत, "ह्यो चूल न्हवं का रं?" वकीलसाहेबांची खूण चुलीची होती. एका मामलेदारांना ते 'दोन टिंबं' म्हणत. मामलेदारांच्या तोंडावर म्हणत नसत एवढेच.

मी मंगळवेढ्याहून एका सदऱ्यानिशी सोलापुरात आलो तेव्हा मामांच्या पडवीत तीन वर्षे राहिलो. गिरणीच्या गोदामात कापडाचे तागे मोजता मोजता, बाहेरगावच्या दलालांशी भांडत भांडत, मी कामापुरते इंग्रजी शिकलो. मामांना त्याचे फार कौतुक. "आमचा भाचा इंग्रजीत शिव्या देतो," असे ते चारचौघांत सांगत. मी त्यांचा भाचा नव्हतो आणि शिव्याही मराठीतच देत होतो, पण मामांचे म्हणणे मी कधी खोडले नाही.

त्याच सुमारास परदेशातल्या एका विद्यापीठाची बोट मुंबईला लागली. बोटीवरच कॉलेज. तीनशेच्या वर विद्यार्थी, त्यांचे प्रोफेसर, ग्रंथालय, छोटा छापखाना, आणि वर्षभरात पृथ्वीला वळसा घालायचा बेत. बोटीवरचे धुणारे मुंबईत काम सोडून निघून गेले होते. आमच्या गिरणीच्या मॅनेजरच्या ओळखीने मामांना बोलावणे आले. करार असा, की मुंबईत चढायचे आणि वळसा पुरा करून मुंबईतच उतरायचे. मामांनी अट घातली, की कपडे मोजायला आणि साहेबांशी बोलायला भाचा बरोबर हवा.

मामांच्या डोक्यात मात्र वेगळेच बसले होते. सरळ गेलेला माणूस पाठ न फिरवता घरी परत येतो, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि ते त्यांना स्वतः करून बघायचे होते. "उगवतीकडनं जायचं आन् मावळतीकडनं यायचं," असे ते आळीभर सांगत सुटले. आळी हसली. त्यांचा मेव्हणा म्हणाला, "परत हितंच यायचं तर जाता कशाला, दाजी?" मामींनी बाजरीच्या भाकरीचा चुरा आणि शेंगांची चटणी बांधून दिली आणि बजावले, "गेल्या वाटंनंच या. नव्या वाटंनं चुकाल." मामा म्हणाले, "चुकलो तर कुनालाबी इचारीन, चुलीचं घर कुटं म्हनून."

बोटीवर आमची जागा अगदी खालच्या मजल्यावर, इंजिनाच्या शेजारी. मामा, मुंबईहून आलेले दोन धुणारे आणि मी. पहाटे कपड्यांच्या पिशव्या यायच्या, मी मोजायचो, मामा वेगळ्या करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी समुद्राच्या पाण्यात साबण घासून पाहिला. फेस येईना. कठड्याला टेकून ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "येवढं पाणी, आन् एक बंडी धुवायची सोय न्हाय. आमच्याकडचा दुष्काळ बरा की."

गोडे पाणी बोटीवर मापून मिळे. आधीचे धुणारे त्यावरूनच भांडून गेले होते, हे आम्हाला नंतर कळले. मामांना त्यात काही अडचण वाटली नाही. उन्हाळ्यात दोन घागरींत घरभराचे धुणे उरकलेला माणूस तो. पहिले पाणी पांढऱ्या कपड्यांना, तेच पुढे रंगीत कपड्यांना, तेच पुढे चादरींना, आणि शेवटी उरलेल्या पाण्याने मामा धुण्याची खोली धूत. खानपानाच्या आणि नोकरमाणसांच्या व्यवस्थेवर एक स्टुअर्ड होता. हप्ताअखेर पाणी शिल्लक राहिलेले पाहून त्याने टाकी गळत नाही ना, म्हणून तपासायला माणूस पाठवला. मी ते मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सांग त्येला, टाकी न्हाय गळत. आमी सोलापूरचं हाय."

दुपारी काम हलके असे. तेव्हा मामा वर जाऊन वर्गाच्या दाराशी उभे राहत. हातात दोन-चार टॉवेल ठेवत, म्हणजे कोणी हटकले तर कामाला आल्यासारखे दिसावे. सगळ्यात आवडता वर्ग भूगोलाचा, कारण तिथे पृथ्वीचा मोठा गोल होता. एकदा त्या प्रोफेसरांनी त्यांना आत बोलावले. मी मुंबई कुठे ते दाखवले. मामांनी बिब्ब्याने काळे झालेले बोट तिथे टेकवले आणि गोल हळूहळू फिरवत ते बोट समुद्रावरून, डोंगरांवरून, पुन्हा समुद्रावरून सरकवत नेले. बोट मुंबईवर परत आले तेव्हा ते एवढ्या मोठ्याने ओरडले, "आलं की! आलं की परत!", की सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवसापासून मुले त्यांना रोज विचारत, "मामा, कुठवर आलो?" 'मामा' एवढा शब्द ती शिकली होती. मामा गोलावर बोट ठेवून दाखवत, आणि ते फार चुकत नसे.

मुलांचीही नावे त्यांनी खुणांवरूनच ठेवली होती. एक उंच, लाल केसांचा मुलगा होता, 'कोंबडीचा पाय'. गोल फिरवताना पाहिल्यापासून तो मामांच्या मागे मागे असे. इस्त्री कशी करतात ते बघत बसे. त्याने एकदा विचारले, की माझ्या कपड्यांवर ही खूण का? मामांनी माझ्याकरवी उत्तर दिले, "तू चालतोस तसा." मी जसेच्या तसे सांगितले. मुलाने वाईट वाटून घेतले नाही. उलट तसे चालून दाखवले.

असे आम्ही सिंगापूरला पोचलो. तिथल्या उकाड्याने मुले हैराण झाली आणि जवळजवळ सगळ्यांनी पातळ पांढरे शर्ट विकत घेतले. जपानच्या वाटेवर मधल्या एका बंदरात कोणा मोठ्या माणसाकडे मेजवानी होती आणि तिथे सगळ्यांनी ते नवे शर्ट घालून जायचे ठरले. तीनशे शर्ट, मानेच्या पट्टीवर आतून खूण घालायची, आणि वेळ दोन दिवस. घरी मामा खूण घातलेला कपडा दोन दिवस कडक उन्हात ठेवत आणि मग दोनदा धुऊन मालकाला देत. बोटीवरही आतापर्यंत वरच्या डेकवर तसेच चालले होते. पण सिंगापूर सोडले आणि पावसाची झड लागली. ऊन दिसेना. चुन्याचा डबा ओला होऊन वाया गेला. मामांनी शर्ट वाफेच्या नळ्यांच्या खोलीत वाळवले, एकदाच धुतले आणि वेळेवर दिले. मी त्यांना शाबासकी दिली. स्टुअर्डनेही दिली.

मेजवानीनंतर दोन-तीन दिवसांनी मुलांच्या माना सुजायला लागल्या. आधी खाज, मग लाली, मग पाण्याने भरलेले फोड. पहिल्या दिवशी सात जण, तिसऱ्या दिवशी साठाच्या वर. डॉक्टरने त्यांना वेगळे ठेवले, मानांना पट्ट्या बांधल्या, भांडी उकळायला लावली. हा साथीचा रोग आहे, असे तो म्हणू लागला. आणखी चार दिवसांत जपानचे कोबे बंदर येणार होते. रोगी बोटीला तिथे लांब उभे करतील, एकालाही उतरू देणार नाहीत, कदाचित पुढचा सगळा प्रवासच रद्द होईल, अशी बोलणी सुरू झाली. वर्ग बंद पडले.

त्या संध्याकाळी कोंबडीचा पाय डॉक्टरची नजर चुकवून खाली आमच्याकडे आला. त्याला फार खाजत होते आणि डॉक्टरने हात लावू नकोस म्हणून सांगितले होते. मामांना बघवले नाही. त्यांनी पट्टी सोडली आणि दिव्याजवळ नेऊन मान पाहिली. मानेवर लाल फोडांच्या तीन रेघा एका ठिकाणाहून फुटलेल्या, खाली एक टाच. मामा खाली बसले.

"काय झालं, मामा?"

"ही माजी कोंबडी हाय," ते म्हणाले. "बिब्बा उतलाय. ऊन न्हवतं, चुना न्हवता, तरी म्या शर्ट दिलं. साथीचं काय न्हाय रं ह्ये. म्या केलंय."

सोलापूरकडे बिब्बा उतून अंगावर फोड आले की काय करायचे, हे पोरासोरांनाही माहीत असते. मामांनी खलाशांच्या भंडाऱ्याकडून, म्हणजे त्यांच्या स्वयंपाक्याकडून, तीळ आणि सुके खोबरे आणले, दगडावर बारीक वाटले आणि मुलाच्या मानेला थापले. तासाभरात त्याची आग कमी झाली. तो तिथेच कपड्यांच्या ढिगावर झोपला.

मामा उठले. "चल, डागदराकडं."

मी दार अडवले. हे कळले की मामांना बोटीवरून उतरवतील, हे मला स्वच्छ दिसत होते. "थांबा. आधी कबूल करून घेऊ. तुम्हाला वळसा पुरा करू देणार असं तो म्हणाला, की मग सांगू."

"पोरांच्या मानंला फोड आल्यात आन् तू भाव करतोस?"

"तासाभरानं काही बिघडत नाही."

"तुज्या मानंला आलं असतं, म्हंजे कळलं असतं तास केवढा आसतो त्ये." असे म्हणून त्यांनी मला बाजूला सारले. मामांनी मला हात लावला तो तेवढा एकदाच.

तरीही सौदा मी केलाच. डॉक्टरच्या खोलीत बोलणे माझ्याच तोंडून व्हायचे होते, आणि मामांना इंग्रजी येत नव्हते. मी म्हणालो, "रोग काय आहे हे या माणसाला माहीत आहे. औषधही माहीत आहे. पण यात त्याची चूक निघाली, तरी त्याला वाटेत उतरवायचं नाही. मुंबईपर्यंत न्यायचं." डॉक्टर हसला. मी हललो नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, मी बघतो. माझा शब्द." त्याने हात पुढे केला. मी तो धरला. गोदामात मी लेखी चिठ्ठीशिवाय एक तागा सोडत नसे, आणि त्या दिवशी नुसत्या हातावर भाळलो. साहेब लोक हात देतात तेव्हा तो कागदापेक्षा पक्का असतो, असे मी कुठेतरी ऐकले होते.

डॉक्टरला आमचे म्हणणे पटेना. झाडाच्या फळाने असे होते हे त्याने कधी वाचले नव्हते. तेव्हा मामा म्हणाले, "पाच पोरं आन, पट्ट्या बांदलेली. आन् त्येंचं शर्ट मला दे." डॉक्टरने पाच जण बोलावले आणि त्यांचे शर्ट मागवले. मामांनी एकेका शर्टची कॉलर उलटून बघितली आणि मुलाची पट्टी सोडायच्या आधी, त्याच्या मानेवर काय दिसेल ते टेबलावर ओल्या बोटाने काढून दाखवले. पहिल्याला चंद्रकोर. दुसऱ्याला दोन आडव्या रेघा. तिसऱ्याला विळा. चौथ्याला टिंब आणि भोवती गोल. पट्टी सोडली, की फोड तसेच्या तसे. पाचव्या शर्टावर मामांनी मान हलवली. "हिकडं काय न्हाय दिसायचं. ह्याच्यावर खूनच न्हाय, घाईत ऱ्हायली. ह्यो भ्यालाय नुसता." पट्टी सोडली. मान स्वच्छ होती. त्या मुलाच्या तोंडाकडे बघून डॉक्टरलासुद्धा हसू आवरले नाही.

पुढचे तीन दिवस मामा आणि भंडारी तीळ-खोबरे वाटत होते. कोबेला पोचेपर्यंत माना सुकल्या. बंदराच्या डॉक्टरांनी बोट तपासली आणि सोडली. मुले गात गात उतरली. जाताना जो तो मामांना मान दाखवून जात होता.

बंदरात लागायच्या आदल्या दुपारी मोठ्या दालनात डॉक्टरचे व्याख्यान झाले. मी टॉवेल घेऊन दाराशी होतो. त्याने फळ्यावर कोंबडीचा पाय काढला, विळा काढला, आणि आपल्याला प्रथम संशय कसा आला, मग आपण शर्ट मागवून कशी परीक्षा घेतली, हे रंगवून सांगितले. वाटलेल्या तिळांना त्याने काहीतरी लांबलचक नाव दिले होते. दुसऱ्या दिवशी बोटीच्या छापील बातमीपत्रात ते सगळे आले. मामांविषयी एवढेच, की धुण्याच्या खोलीतली एक धोकादायक देशी पद्धत बंद करण्यात आली आहे.

आणि मग स्टुअर्डचा निरोप आला. कापूस उतरवून मुंबईला परत जाणारी एक बोट बंदरात उभी होती. मामांनी तिच्यावर चढायचे.

मी धावत डॉक्टरकडे गेलो. काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. आवाज वरच्या डेकपर्यंत गेला होता, असे नंतर कळले. तो शांतपणे म्हणाला, "कप्तानाचा हुकूम आहे. मी काय करणार? शिवाय म्हातारा आपल्या घरी चाललाय. त्याला आनंदच होईल." मी हातातले टॉवेल त्याच्या टेबलावर आपटले. दौत सांडली. त्याने मलाही उतरवायची धमकी दिली आणि मी म्हणालो, उतरव.

मामांनी मला खाली ओढून नेले. "तू ऱ्हायाचं," ते म्हणाले.

"तुमच्याशिवाय मी इथं काय करू?"

"मला बघायचं हुतं त्ये तू बघ. दोगंबी मागं वळलो, तर मेव्हणा जलमभर हासंल. एकानं तरी सरळ जायाला पायजे की."

"त्यानं शब्द दिला होता, मामा."

"तुला दिलता. मला न्हाय. म्या कुटं काय मागितलं?" आणि ते चक्क हसले. "खूण माजीच हुती न्हवं. फोड आलं ते बी माजंच. मग उतरायचं कुनी?"

कोंबडीचा पाय त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला आला. मामांचे गाठोडे त्याने खांद्यावर घेतले होते. त्याने माझ्याकरवी विचारले, की डॉक्टरच्या व्याख्यानात तुमचे नाव कसे नव्हते? मामा म्हणाले, "त्येला माजं नाव कुटं ठावं हाय? त्येला नुसती खूण ठावं हाय." मी ते मुलाला सांगितले. त्याने गाठोडे खाली ठेवले. मग त्याने वाकून मामांचे पाय धरले. ते त्याला कोणी शिकवले होते, देव जाणे.

मी पुढे गेलो. महासागर पाहिला, अमेरिका पाहिली, लंडन पाहिले. रोज दुपारी भूगोलाच्या वर्गात जाऊन गोलावर बोट ठेवत होतो. मुले विचारत, "मामा कुठे असतील?" मी सोलापूर दाखवत असे. कुठेही गेलो तरी ते एकाच जागी होते.

एडनकडून मुंबईला उतरलो, गाडी पकडून सोलापूरला आलो आणि सरळ मामांच्या दारात गेलो. ते इस्त्रीत कोळसे भरत होते. मला बघून त्यांनी पाणी दिले नाही, की बस म्हटले नाही. पहिला प्रश्न हा, "मागं वळला न्हाईस न्हवं, कुटं?"

"नाही, मामा. मावळतीकडनंच आलो."

"शपथ?"

"तुमची."

मामा उठले, आळीत गेले आणि मेव्हण्याला बाहेर बोलावून म्हणाले, "गोल हाय. भाचा बघून आला." मामींनी आतून विचारले, "वाटंत चुकला न्हाय न्हवं?" त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली. मामा मला एकेक गाव सांगायला लावत आणि मध्येच थांबवून विचारत, "तितं पानी कसलं? साबनाला फेस येतो का?" लंडनच्या पाण्याला फेस कमी येतो, हे ऐकून त्यांना फार बरे वाटले.

नंतर मामा आठ-नऊ वर्षे जगले, आणि मजेत जगले. बिब्बा घालणे त्यांनी सोडले नाही. मात्र दोन उन्हे खाल्ल्याशिवाय कपडा मालकाला दिला नाही, मग मालक कलेक्टर असो. गिऱ्हाईक घाई करू लागले, की म्हणत, "येकदा घाई केली तर जपानातनं हाकललं मला." लोकांना ती थाप वाटे. मी आज धुलाईची चार दुकाने चालवतो. कोणी कितीही घाई केली तरी कपडा कधी द्यायचा ते मी ठरवतो, आणि त्यावरून रोज कोणाशी तरी भांडतो. ते मामांकडूनच आले आहे. भांडण तेवढे माझे स्वतःचे.

पण शांत झालो ते मामा. मी नाही. मामा गेले त्या वर्षी मी त्या विद्यापीठाला पत्र लिहिले. मग दुसरे लिहिले. दुसऱ्याचे उत्तर आले, की त्या सफरीच्या नोंदीत असा कोणी नोकर आढळत नाही. साठावर मुलांच्या मानेवर ज्याची सही उमटली होती, तो आढळत नाही!

म्हणून आता पत्र न लिहिता छापून विचारतो. कीर्ती तुम्ही ठेवा. मामांनी ती मागितली नव्हती आणि मीही मागत नाही. पण कोबेपासून पुढची अख्खी पृथ्वी, महासागर, अमेरिका, लंडन, एडनपर्यंतचा सगळा रस्ता, एवढे तुम्ही हातात हात देऊन कबूल केले होते आणि दिले नाही. ते त्यांच्या वाट्याचे होते. माझ्या वाट्याला आले आणि मला पचले नाही. तो डॉक्टर हयात असेल तर त्याने, नसेल तर त्याला बोटीवर नेमणाऱ्यांनी सांगावे: दिलेला शब्द का मोडला? मी सोलापुरातच आहे. उत्तर येईपर्यंत विचारत राहणार आहे.